शांताराम, पंपाचा फ्यूज राहिला

शांताराम,

काल काशिनाथ तांडेल कारखान्यात आला. दारातच थांबला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तुझ्या स्टुलाकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बीएस्सी, पुनव जवल आली. पंपाचा फ्यूज तेवरा बांधून दे रं."

मी म्हटलं, "उद्या बांधतो."

"उद्या उद्या करतंस. लाँच काय उद्यावर चालते?"

त्याचं खरं आहे. त्याच्या 'लक्ष्मीप्रसाद' लाँचीच्या विजेच्या बोर्डावर फ्यूजचे सहा होल्डर आहेत. चार तू बांधलेस. पाचवा पंपाचा. तो रिकामा आहे, कारण त्यात किती अँपियरची तार घालायची यावर आपलं एकमत झालं नाही. सहावा तू मुद्दाम रिकामा ठेवलास, त्याचं पुढे लिहितो. पावसाळाभर माझगावला चिखलात ओढून ठेवलेली लाँच नारळी पौर्णिमेला पाण्यात जायची आहे. रेवसची माणसं वाट बघत आहेत. पाचवा फ्यूज बांधल्याशिवाय ती निघणार नाही, आणि तो मी एकट्याने बांधायचा म्हणजे आपलं भांडण मी एकट्याने मिटवायचं. ते माझ्याने होत नाही.

तुझ्या चाळीत शोकसभा झाली. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो, "शांताराम माझा मित्र होता" एवढं म्हणालो आणि बसलो. तुझी आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, एवढा शिकलेला मुलगा आणि याला बोलता येत नाही. माझ्या मनात तेव्हा एकच वाक्य होतं, "पंधरा की तीस?" ते शोकसभेत कसं बोलायचं? म्हणून इथे लिहितो आहे.

तू असतास तर लगेच टोकलं असतंस, "अरे, आधी फ्यूज म्हणजे काय ते सांग वाचणाऱ्याला. सगळे काय तुझ्यासारखे बीएस्सी आहेत?" तर सांगतो. बॅटरीतून वीज निघते आणि वायरीतून दिव्याला, भोंग्याला, पंपाला जाते. वायरीला पेलवेल त्यापेक्षा जास्त वीज धावू लागली तर वायर तापते आणि पेट घेते. ते होऊ नये म्हणून वाटेत एक बारीक तार बांधतात. जास्त वीज आली की ती तार आधी वितळते आणि वाट बंद होते. बोटीवर ही गोष्ट घरापेक्षा महत्त्वाची. घराला आग लागली तर माणूस रस्त्यावर पळतो. बोटीवरून कुठे पळणार?

झालं एवढंच. पण ती बारीक तार किती बारीक असावी, यावर तू आणि मी जेवढं बोललो तेवढं मी आयुष्यात दुसऱ्या कशावर कोणाशी बोललेलो नाही.

मी कारखान्यात आलो तो दिवस तुला आठवत होता की नाही, कधी विचारलं नाही. महाडच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. वडील भाताच्या गिरणीत तराजूवर. फणसवाडीत लांबच्या आत्याच्या गॅलरीत पथारी टाकून झोपत होतो. शेठने तुझ्यापुढे उभं केलं आणि सांगितलं, हे बी.एस्सी. आहेत, हिशेब बघतील, बॅटऱ्यांचं गणित बघतील. तू हातातला पाना खाली ठेवलास.

"बीएस्सी म्हणजे काय काय येतं?"

"ओहमचा नियम येतो," मी म्हटलं. खरंच असं म्हटलं मी.

"बरं. मला पण येतो. रात्रशाळेत डिप्लोमा केलाय. आता सांग, मोठी बॅटरी कधी उचललीस का?"

नव्हती उचलली. प्रयोगशाळेतला काचेचा सेल पाहिला होता, तो एका हाताने उचलता येत असे. त्या दिवशी बॅटरी उचलताना माझ्या एकुलत्या एक बऱ्या शर्टावर ऍसिड सांडलं आणि संध्याकाळपर्यंत तिथे कापडाची जाळी झाली. तू हसलास, पण दुसऱ्या दिवशी स्वतःचा एक जुना खाकी शर्ट आणून दिलास. वर म्हणालास, "हा भोकं पडूनच आलाय. याला आता काही होणार नाही."

पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली. तू आयुष्यभर गिरण्यांतलं आणि चाळींतलं वायरिंग केलेलं होतंस. तिथे व्होल्ट जास्त, म्हणून बारीक वायरीतही काम भागतं. बोटीच्या चोवीस व्होल्टच्या बॅटरीला तू तीच बारीक वायर जोडत होतास. मी खडूने फळीवर गणित मांडलं. व्होल्ट दहाव्या हिश्शावर आले तर तेवढ्याच उजेडाला अँपियर दहापट लागतात. वायर जाड हवी, फ्यूजही त्याच हिशेबाने हवा. तू फळीकडे बराच वेळ बघितलंस.

"म्हणजे व्होल्ट कमी, तर अँपियर जास्त. च्यायला, गरिबाच्या घरात माणसं जास्त, तसं."

इतकं चांगलं मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, आणि ते शिकवत मीच होतो.

त्यानंतर तू मला जेवायला घरी नेलंस. लोअर परळची तुमची चाळ, दुसरा मजला, गिरणीच्या भोंग्यासमोरची खोली. भिंतीवर देवांच्या तसबिरी काढल्याचे चौकोन अजून पांढरे दिसत होते. दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते. मधोमध बुद्धाचं एकच चित्र. तुझ्या आईने ताट वाढायच्या आधी हात आवरून मला विचारलं, "चलता मां रे तुका आमच्याकडचा?"

मी काही बोलायच्या आत तू म्हणालास, "आई, बीएस्सी आहे तो. त्याला सगळं चालतं. फक्त जड उचलता येत नाही."

आई हसली आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. मी तीन वेळा भात घेतला. जेवताना तू विचारलंस, "तू महाडचा ना? चवदार तळ्याचं पाणी कसं लागतं रे?"

आमच्या घरी विहिरीचं पाणी. तळ्याच्या काठावरून रोज शाळेत गेलो, पण ओंजळभर पाणी कधी प्यायलो नव्हतो. तू म्हणालास, "माझा बाप गेला होता तिथे, सगळ्यांबरोबर. पाणी प्यायला. म्हणायचा, गोड होतं. आई म्हणते तो कशालाही गोडच म्हणायचा." मग ठरलं की एकदा दोघांनी जायचं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचीने रेवस, तिथून एस्टीने महाड. माझ्या आईच्या हातचं जेवायचं आणि तळ्याचं पाणी पिऊन बघायचं. दर हिवाळ्यात काही ना काही काम निघालं. या वर्षी तू म्हणालास, लक्ष्मीप्रसाद पुन्हा पाण्यात पडली की पहिल्याच फेरीला जाऊ. आपणच वायरिंग केलेल्या बोटीतून.

ती पहिली फेरी आता नारळी पौर्णिमेनंतर आहे.

आपली एक रीत होती. ती तूच पाडलीस. एकाने फ्यूज बांधायचा आणि दुसऱ्याने तो ओढून बघायचा. स्क्रूला बोट लावायचं, तारेला हलकेच हिसका द्यायचा, आणि घट्ट असेल तर मोठ्याने म्हणायचं, "धरलं." ते ऐकू आल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. मी आधी म्हणायचो, मी बांधला आहे, मलाच दिसतंय घट्ट आहे ते. तू म्हणायचास, "ज्याने बांधला त्याला घट्टच दिसतो. बोट हलते, शंभरदा हलते, सैल स्क्रू आधी तापतो. माझ्या हाताला माझी चूक लागत नाही. तुझ्या हाताला लागेल." शेठ चेष्टा करत, की एका फ्यूजला दोन माणसांचा पगार. तू ऐकून घेतलंस, रीत बदलली नाहीस.

आणि सभेचा दिवस. तो लिहायलाच हवा.

मुंबईसह महाराष्ट्राची चळवळ तेव्हा भरात होती. आज हरताळ, उद्या मोर्चा, कारखाना कधी चालू कधी बंद. शिवाजी पार्कावर मोठी सभा होती आणि रेवस-उरणकडची माणसं यायची होती. काशिनाथ तांडेलने लक्ष्मीप्रसाद दिली. कोणीतरी लाउडस्पीकरचा भोंगा आणि त्याचं यंत्र आणलं, ते बोटीच्या बॅटरीवर चालणारं. पोवाडे म्हणणारे दोघेजण टपावर बसले. तेव्हा त्या लाँचीवर सगळ्या दिव्यांना मिळून एकच फ्यूज होता. भोंगाही त्याच्यावरच जोडला. जाताना उजेड होता, दिवे बंद होते, काही झालं नाही. धक्क्यावर उतरून आपण सगळे घोषणा देत दादरपर्यंत गेलो. तुझा आवाज बसला. माझाही.

येताना सूर्य बुडाला. तांडेलला इंजिनात बिघाडाची शंका होती, म्हणून तू आणि मी त्याच्याबरोबर परत निघालो होतो. तांडेलने लाल-हिरवा दिवा लावला, आतले दिवे लावले, आणि वर पोवाडा रंगात आलेला. अर्ध्या खाडीत फ्यूज गेला. भोंगा बंद, दिवेही बंद. समोरून एक गलबत येत होतं. ते आपल्याला दिसत होतं, आपण त्याला दिसत नव्हतो.

तेवढ्यात तांडेलच्या पोराने, म्हणजे त्याच्या मोठ्या मुलाने, नेहमीचा उपाय काढला. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद दुमडून होल्डरमध्ये कोंबायला निघाला. सगळे तांडेल हेच करतात. त्याने दिवे लागतातही. पण त्या कागदाला किती वीज आली की वितळायचं हे कोणीच सांगितलेलं नसतं. तो वितळत नाही, वायर जळते.

तू त्याचा हात धरलास. "कागद नको. भोंगा काढ."

वरून लोक ओरडू लागले. "ए, पोवाडा का बंद केला?" "कोण रे तो? सरकारचा माणूस दिसतोय!"

तू तसाच वर चढलास आणि बसलेल्या आवाजात ओरडलास, "पोवाडा तोंडाने म्हणा. दिवा तोंडाने लागत नाही!"

मग एक म्हातारा हसला. मग सगळेच. तू खाली येऊन भोंग्याची वायर सोडवलीस, जागेवर नवी तार बांधलीस, आणि गलबत समोर येत असताना माझ्याकडे बघून थांबलास. मी ओढून बघितली. "धरलं," मी म्हटलं. तेव्हा तू बॅटरी जोडलीस. त्या घाईतसुद्धा तू थांबला होतास, शांताराम. दिवे लागले. गलबताने वळण घेतलं. आणि रेवसपर्यंत दोनशे माणसं तोंडाने गात गेली. भोंग्यापेक्षा ते लांबवर ऐकू गेलं असेल.

त्या दिवसानंतर तू कागदावर सहा होल्डरचा बोर्ड काढलास; या पावसाळ्यात लाँच वर ओढल्यावर तो बसवला. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत एक मोठा फ्यूज, कारण बॅटरी आणि पहिला फ्यूज यांच्यामधल्या वायरीला राखणारं कोणी नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. हे माझं म्हणणं होतं आणि तू ते मानलंस. पुढे लाल-हिरव्या दिव्याला एक, आतल्या दिव्यांना एक, टपावरच्या झोताच्या दिव्याला एक, पंपाला एक. हे तुझं म्हणणं होतं. "चाळीत एकाने नळ तोडला म्हणून सगळ्या मजल्यांनी तहानलेलं राहायचं का? ज्याचं त्याचं बिऱ्हाड वेगळं."

"आणि हा सहावा?" मी विचारलं.

"भोंग्याचा. आत्ता बांधायचा नाही. मुंबई मिळाली की त्या दिवशी बांधू. स्वतंत्र फ्यूजवर, दिवे न घालवता."

काशिनाथ तांडेलने तो रिकामा होल्डर बघितला तर विचारतो, "ह्यो कशाला?" तू म्हणालास, "हा महाराष्ट्राचा." तांडेल त्याला हळदकुंकू लावायला निघाला. दसऱ्याला तर त्याला बॅटरीच्या पेटीपुढे निरांजन लावायचं असतं. मी म्हटलं, चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, ज्योत लागली तर पेटी उडेल. तू म्हणालास, मी आता यंत्राची पूजा करत नाही. तांडेल आपल्या दोघांकडे बघत म्हणाला, "एकाला देव नको, दुसऱ्याला दिवा नको. माझी बोट कोन राखनार?" तू म्हणालास, "फ्यूज." शेवटी त्याने हळदकुंकू लाकडाच्या कठड्याला लावलं. ते अजून आहे.

आता पंप.

लाँचीच्या तळात पाणी साठतं ते पूर्वी डब्याने उपसत. तांडेलने या पावसाळ्यात विजेचा पंप बसवून घेतला. मी म्हटलं, पंपाच्या वायरीला पंधरा पेलतात, पंधराची तार बांधू. तू म्हणालास, तीस.

"तीस? वायर जळेल."

"मोटार सुरू होताना पहिला घोट मोठा घेते. पंधराची तार दोन-तीनदा तग धरेल, मग थकेल आणि नेमकी पाणी आत येत असताना तुटेल. तेव्हा काळोखात वाकून तू तार बांधणार का?"

"आणि पंपात काथ्या अडकला तर? मोटार फिरणार नाही, नुसती वीज ओढेल. तीसची तार तेवढ्याने वितळणार नाही. फळ्यांखालून वायर गेली आहे, डिझेलच्या टाकीशेजारून."

"बोट बुडत असेल तर मोटार जळू दे की."

"आणि बोटच जळाली तर?"

माझगावपासून लालबागपर्यंत चालत आपण हेच बोलायचो. लालबागच्या हॉटेलात चहा थंड व्हायचा. वेटर विचारायचा, "साहेब, फ्यूज मिळाला का?" त्याला वाटायचं आपल्या घरातला दिवा गेलाय. एकदा तू बशीत चहा ओतून दाखवलास, मोटार पहिला घोट कसा घेते ते. चहा माझ्या विजारीवर आला. मी म्हटलं, "बघ, आगाऊ घोट घेतला की काय होतं." तू म्हणालास, "बघ, फ्यूज असता तर सांडला नसता." टेबलाशी बसलेला एक गिरणी कामगार म्हणाला, "दोघांना उचलून पाण्यात टाका, मग समजेल कोण बरोबर." तू त्याला चहा पाजलास.

तू म्हणत होतास, गणित पुरे, रविवारी लाँचीवर जाऊ. पंप बादलीत लावू, नारळाचा काथ्या मुद्दाम अडकवू आणि बघू काय होतं. मला वाटत होतं गणित पुरेसं आहे. तरी हो म्हटलं. पहिल्या रविवारी पावसाने धक्का दिसेना. दुसऱ्या रविवारी तू आला नाहीस.

ताप आला होता. आई म्हणाली, डोळे पिवळे झालेत. तुला परळच्या इस्पितळात नेलं. मी संध्याकाळी यायचो. एकदा येताना संत्री आणली, तर तू सालीत दोन छिद्रं पाडून त्यात वायरीचे तुकडे खोवलेस आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलंस, ही नवी बॅटरी. तो खरं मानून बसला.

शेवटचं बोलणं झालं त्या संध्याकाळी तुझा आवाज बारीक झाला होता. मी उशी नीट करत होतो. तू म्हणालास, "वीस."

मी म्हटलं, "वीस कसे?"

"मधले."

"मधले म्हणजे काय? भाजी आहे का, घासाघीस करायला?"

तू हसलास. हसण्याने तुला खोकला आला. नर्सबाई आल्या, मला म्हणाल्या, "अहो, पेशंटला हसवू नका. वेळ झाली. निघा आता."

मी उठलो. तू माझा हात धरलास. "ऐक तर. वायर..."

"उद्या सांग," मी म्हटलं.

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, पण बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी खाट रिकामी होती. बाहेर तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "तुझी वाट बघी होतो रे तो."

शांताराम, तुला मी काय काय सांगायचं ठेवलं होतं! तुझ्या खाकी शर्टात मी वर्षभर काम केलं, ते सांगायचं होतं. या शहरात मला पहिल्यांदा ताट वाढलं ते तुझ्या आईने. आत्याच्या गॅलरीत मी पाहुणा होतो, तुझ्या खोलीत नव्हतो. मी घरी गेलो की आई विचारायची, मुंबईत तुझं कोण आहे? मी म्हणायचो, शांताराम आहे. हे तुझ्यापुढे कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू म्हणाला असतास, "ए, भाषण नको. पाना दे." म्हणून मी पाना देत राहिलो. आपल्याला बोलायला फ्यूज होता. त्याच्या आडून बाकीचं सगळं बोलणं होत होतं असं मला वाटायचं. होत असेलही. पण वाटणं वेगळं आणि तू ऐकलेलं असणं वेगळं.

आणि ते "वायर..." पुढचं काय होतं?

हे लिहिता लिहिता मध्ये थांबलो होतो. तांडेल येऊन गेल्यापासून स्वस्थ बसवेना. आज रविवार. सकाळी लाँचीवर गेलो. तांडेलकडून सोललेल्या नारळाची शेंडी मागून घेतली. तो म्हणाला, "पुनवेचा नारल हाय तो." मी म्हटलं, "नारळ तुझा, शेंडी माझी."

तुझ्या वाक्याचा जो अर्थ मला लागला तो असा. वायर बदल. वायर जाड केली तर तिला जास्त पेलतं, मग वीसची तार बांधायला हरकत नाही. पंपाची वायर काढली आणि तिच्या जागी जाड वायर ओढली. वीसची तार कामापुरती चिमट्याने लावली. पंप बादलीत सोडला. चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला, तांडेल कंटाळेपर्यंत. तार टिकली. मग शेंडीतला काथ्या पंपाच्या तोंडात कोंबला. मोटार घरघरली, अडली. मी वायरीवर हात ठेवून बसलो. वायर कोमट झाली, गरम झाली नाही. तेवढ्यात होल्डरमध्ये चट्ट आवाज झाला आणि तार वितळली. मग तीसची तार लावून बघितली. काथ्या तसाच. ती वितळेचना. मोटारीचा वास आला तेव्हा मीच हाताने वायर ओढून काढली. शेवटी पंधराची लावली आणि काथ्या काढून टाकला. थोडा वेळ चालू-बंद केल्यावर काहीही अडकलेलं नसताना ती तुटली. तू म्हणाला होतास तसंच.

तू तीस म्हणत होतास, ते चूक. मी पंधरा म्हणत होतो, तेही चूक. वीस बरोबर, पण माझ्या जुन्या वायरीवर ते चाललं नसतं. पंपाच्या तोंडाला एक पितळी जाळी बसवली, काथ्या आतच जाऊ नये म्हणून. हे तुला सुचलं असतं का? बहुतेक सुचलं असतं, आणि तू म्हणाला असतास मला आधीपासून माहीत होतं.

तांडेलने विचारलं, "मग? कोन जिंकला?"

हरायला तू समोर हवा होतास. मला जिंकलेलं नको होतं, शांताराम. मला वीस या आकड्यावर अजून महिनाभर भांडायचं होतं.

मग मी नवी वीसची तार घेतली आणि पाचवा फ्यूज बांधला. स्क्रू आवळले. आणि सवयीने थांबलो. डावीकडे, तू उभा राहायचास तिकडे, बघितलं. तिथे तांडेल उभा होता, हाताला खारं पाणी लागलेलं. त्याला आपली रीत माहीत होती. त्याने हात लुंगीला पुसले आणि म्हणाला, "मी वढून बघू?"

मी म्हटलं, "बघ."

त्याने ओढून बघितलं, नीट बघितलं. "घट हाय," म्हणाला. मी बॅटरी जोडली. पंप चालू झाला. तळातलं पाणी बाहेर पडू लागलं.

मग मला आठवलं, तुझे चार फ्यूज कोणी ओढून बघितलेच नव्हते. तू बांधलेस आणि आजारी पडलास, मी रविवारवर ठेवलं होतं. मी बॅटरी पुन्हा सोडवली. एकेका होल्डरचं झाकण काढलं. तारेचं टोक तू नेहमीसारखं आत वळवलेलं होतंस, बोटाला टोचू नये म्हणून. बॅटरीजवळचा मोठा. लाल-हिरव्या दिव्याचा. आतल्या दिव्यांचा. टपावरच्या झोताचा. प्रत्येकाला हिसका दिला आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणालो, तांडेल ऐकत होता तरी म्हणालो.

धरलं, शांताराम. धरलं. धरलं. धरलं.

पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला मी तुझ्या आईला घेऊन निघणार आहे. रेवस, तिथून एस्टीने महाड. तिने मला विचारलं, "पाणी खरांच गोड आसा काय?" मी म्हटलं, आपण दोघं पिऊन बघू.

सहावा होल्डर तसाच रिकामा आहे. मुंबई मिळाल्याची बातमी येईल त्या दिवशी मी तो बांधीन, भोंगा लावीन, दिवे जाऊ देणार नाही. पण बांधून झाल्यावर मी डावीकडे बघणार आहे.